मधल्या इटालियन क्लबांनी जिंकायचं की विकायचं?

निळाकाळा (धागाकर्ता)

इटलीची टॉप लीग सेरी आ, तिच्या मेन धाग्यावर इंटर, मिलान, युव्हेंटस सोडून कुणाचं नाव काढलं की लोक सरळ खाली स्क्रोल करतात, म्हणून वेगळा धागा काढतोय. विषय मधल्या क्लबांचा पैसा. बोलोन्या, अटलांटा, फिओरेंटिना, उदिनेसे, जेनोआ, लेच्चे, पार्मा ही सगळी मंडळी. इतिहास आहे, जीव टाकणारे फॅन आहेत आणि दर उन्हाळ्यात एकच प्रश्न, यंदा कोण जाणार.

बोलोन्याचं घ्या. २०२३-२४ ला पाचवे आले, चॅम्पियन्स लीगला पात्र झाले, साठेक वर्षांनी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत नाव लागलं. आणि त्याच सुट्टीत कोच थियागो मोत्ता युव्हेंटसला गेला, झिर्कझे मँचेस्टर युनायटेडला, कालाफिओरी आर्सेनलला. कालाफिओरीचं तर अजून वाईट, बासेलकडून घेताना पुढच्या विक्रीत त्यांना मोठा वाटा लिहून दिलेला त्यामुळे आर्सेनलने मोजलेले सगळे पैसे बोलोन्याच्या खिशात आलेच नाहीत. तरी नवा कोच इटालियानोने पुढच्या वर्षी कोपा इटालिया आणून दिला, १४ मे २०२५ ला रोममध्ये मिलानला १-० हरवून, १९७४ नंतर पहिल्यांदा. गोल एन्डोयेचा. आता सांगा एन्डोये त्याच उन्हाळ्यात कुठे गेला? नॉटिंगहॅम फॉरेस्टला. रेआल नाही, बायर्न नाही, फॉरेस्ट!

माझं म्हणणं एवढंच आहे की या क्लबांकडे पैसा कमी आहे हे अर्धंच खरं. दरवर्षी हमखास येणारा पैसा कमी आहे, हे खरं दुखणं. टीव्हीचे सध्याचे हक्क २०२४ ते २०२९, डॅझोन आणि स्काय मिळून वर्षाला साधारण ९०० मिलियन युरो देतात. त्यातला निम्मा वाटा वीस क्लबांत सारखा जातो आणि बाकीचा निकाल, इतिहास, प्रेक्षकसंख्या यावर. प्रीमियर लीगमध्ये तळाला जाऊन बाहेर पडणाऱ्या टीमलाही १०० मिलियन पौंडांच्या वर मिळतात, इटलीत चॅम्पियनलाही टीव्हीतून तेवढे मिळत नाहीत. मग मधल्या क्लबने पगार द्यायचे कशातून? खेळाडू विकून. म्हणजे चांगली टीम उभी केली की ती मोडूनच पुढच्या वर्षाचा खर्च निघणार. जिंकणं आणि टिकणं एकमेकांच्या विरोधात जातं ते इथे.

तालीममंडळ

आलो रे आलो, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार मॅचला जेवढा गोंगाट असतो तेवढाच पैशाचा हिशेब शांत असतो, त्यामुळं हे बॅलन्सशीट प्रकरण आपल्या डोक्यावरून जातंय. ते इटालियन लोक सारखं प्लुसवालेन्झा प्लुसवालेन्झा करत असतात ते नक्की काय, कोणी सीए आहे का इथं?

डेबिटक्रेडिट

आहे ना, हात वर. प्रॅक्टिस सोडून असल्या धाग्यांवर येतो म्हणून बायको ओरडते ते वेगळं.

होयलुंडचा हिशेब करू. अटलांटाने त्याला ऑगस्ट २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या श्टुर्म ग्राझकडून साधारण १७ मिलियन युरोला घेतला, करार पाच वर्षांचा. हे १७ मिलियन पहिल्याच वर्षी खर्च म्हणून दाखवायचे नसतात, पाच वर्षांवर पसरायचे, म्हणजे वर्षाला ३.४. एक वर्ष खेळला, खात्यात त्याची किंमत उरली १३.६. २०२३ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने तो ७० मिलियनच्या वर नेला. सत्तरातून १३.६ वजा करा, जे ५६-५७ राहतात तो सगळाच्या सगळा त्याच एका वर्षाचा नफा. हीच प्लुसवालेन्झा. ज्या क्लबचं तिकिटांचं वार्षिक उत्पन्न याच्या जवळपासही जात नाही त्याच्यासाठी हा आकडा काय असेल विचार करा.

मजा पुढे आहे. विकणाऱ्याला नफा आज दिसतो, घेणाऱ्याचा खर्च पाच वर्षांत विभागतो. आता समजा दोन क्लब आहेत, दोघांनाही जूनच्या आत ताळेबंद बरा दाखवायचाय. तू तुझा अठरा वर्षांचा पोरगा मला अमुक मिलियनला दे, मी माझा तुला तेवढ्यालाच देतो. रोख एक पैसा हलला नाही पण दोघांच्याही वह्यांत नफा! किएव्हो आणि चेझेनाने नेमकं हेच केलं, युथ टीमची पोरं फुगवलेल्या किमतीला एकमेकांत फिरवली. चेझेना २०१८ ला बुडाला, किएव्होचे तीन पॉइंट कापले. आणि या जादूचं बिल पुढच्या चार-पाच वर्षांत येतंच, कारण पसरवलेला खर्च दरवर्षी दार वाजवतो. मग तो भरायला अजून एक अदलाबदल. २०२१ ला करथकबाकीमुळे किएव्होला सेरी बी (दुसरी पातळी) मध्ये नोंदणीच मिळाली नाही. वेरोनाच्या एका छोट्या उपनगराचा क्लब, २००६ ला चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी खेळलेला, संपला. नंतर त्यांचाच जुना स्ट्रायकर पेलिसिएरने नाव आणि चिन्ह विकत घेऊन परत उभा केलाय, पण खालच्या डिव्हिजनमध्ये.

तालीममंडळ

आयला. म्हणजे कागदावर श्रीमंत आणि गल्ल्यात चिल्लर. समजलं. दंडवत घ्या साहेब.

बातीगोल

मी फिओरेंटिनावाला, नावावरून कळलंच असेल, त्यामुळे हा धागा म्हणजे जुन्या जखमेवर मीठ. २००० मध्ये बातिस्तुताला रोमाला विकला ७० अब्ज लिराला. पुढच्या वर्षी रुई कोस्ता मिलानला, टोल्डो इंटरला. एवढा पैसा आला तरी २००२ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं, मालक चेक्की गोरीच्या काळात. धागाकर्ते म्हणतात विकून टिकता येतं, आम्ही तर विकूनही बुडालो.

नवा क्लब फ्लोरेंटिया व्हिओला नावाने सुरू झाला, चौथ्या पातळीवर, सेरी सी-दोन. आंजेलो दी लिव्हिओ राहिला आमच्यासोबत. जूनमध्ये माणूस कोरियाविरुद्ध वर्ल्ड कप खेळत होता आणि सप्टेंबरमध्ये कुठल्या तरी गावच्या ग्राउंडवर सी-दोन. आजही त्याचं नाव निघालं की मी उभा राहतो.

स्टेडियमचंही ऐका. आमचं आर्तेमिओ फ्रांकी हे प्रसिद्ध इंजिनिअर नेर्व्हीचं बांधकाम, १९३१ चं, वारसा वास्तू म्हणून संरक्षित. २०१९ ला नवा मालक कोम्मिसो अमेरिकेतून आला, खिशात पैसे, म्हणाला नवीन बांधतो. नाही जमलं. परवानग्या, वारसा खातं, महापालिका, परत वारसा खातं. शेवटी त्याने बान्यो आ रिपोलीला व्हिओला पार्क म्हणून शंभर मिलियनच्या वर खर्चून ट्रेनिंग सेंटर बांधलं, कारण तिथे कुणी अडवलं नाही. जगातलं एक नंबर ट्रेनिंग सेंटर आणि मॅचेस बांधकाम चालू असलेल्या स्टँडमध्ये. हसावं की रडावं.

तोरिनोत_सध्या

इथे शिकायला आहे, बातीगोल यांच्या स्टेडियमच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. इटलीत बहुतेक ग्राउंड्स महापालिकेची, क्लब भाडेकरू. आमच्या तोरिनोचंही तेच.

भाडेकरू असल्याने काय होतं ते मॅचच्या दिवशी डोळ्यांना दिसतं. स्टेडियमबाहेर गाड्या लागलेल्या असतात, पाव कापून त्यात भाजलेला सॉसेज, वर कांदा-मिरची, प्लास्टिकच्या ग्लासात बिअर. सगळे तिथेच उभे राहून खातात-पितात, गप्पा मारतात आणि किकऑफच्या दहा मिनिटं आधी आत घुसतात. आत एक छोटा बार, हाफटाइमला कॉफीसाठी झुंबड, खलास. चार तास ज्या माणसाने फुटबॉलवर घालवले त्याच्याकडून क्लबला मिळालं फक्त तिकीट. इंग्लंड-जर्मनीत हाच माणूस दोन तास आधी आत असतो आणि खर्च करत असतो. (सॉसेजवाल्याविरुद्ध माझं काही नाही, त्याच्याच जिवावर माझे रविवार चाललेत.)

आणि काल्यारीचं तर ऐकून वेड लागेल. सार्डिनिया बेटावरचा क्लब, त्यांचं सांत एलिया इतकं खराब झालं की २०१२ मध्ये "होम" मॅचेस त्रिएस्तेला खेळले. नकाशा उघडून बघा त्रिएस्ते कुठे आहे, समुद्र ओलांडून पार स्लोव्हेनियाच्या सीमेवर. युव्हेंटसने २०१२ चा स्कुदेत्तो (लीगचं विजेतेपद) तिथेच पक्का केला, काल्यारीला २-० हरवून. घरचा क्लब काल्यारी, गाव त्रिएस्ते, जल्लोष युव्हेंटसचा. २०१७ पासून तात्पुरतं म्हणून उभारलेल्या स्टेडियममध्ये खेळतायत, अजून तिथेच आहेत.

निळाकाळा

बातीगोल, तुमचं दिवाळं निघालं ते विकण्यामुळे नाही, त्याआधी जे उधळलं त्यामुळे. पण मुद्दा मान्य की विकणं हे औषध नाही, फक्त वेळ मिळतो. त्या वेळेत काय करता यावर सगळं.

म्हणूनच अटलांटा वेगळा निघाला. आंतोनिओ पेर्कासी, स्वतः अटलांटाचा जुना डिफेंडर, २०१० ला परत मालक झाला. झिंगोनियाच्या अकॅडमीतून पोरं येत राहिली, बास्तोनी, केसी, कुलुसेव्हस्की, आमाद दियालो, सगळे विकले. पण २०१७ मध्ये महापालिकेकडून स्टेडियम विकत घेतलं, साडेआठ मिलियन युरोच्या आसपास. एका बरेपैकी फुलबॅकची किंमत! मग एकेक स्टँड पाडून नवा बांधला, २०२४ ला काम पूर्ण. मधल्या काळात युरोपियन मॅचेस कधी रेज्जो एमिलियाला तर कधी सान सिरोवर. आणि २२ मे २०२४ ला डब्लिनमध्ये युरोपा लीग, लेव्हरकूझेनला ३-०, लुकमनची हॅट्ट्रिक. होयलुंडला विकल्यानंतरच्याच सीझनमध्ये हे.

खेळाडू विकून आलेला पैसा परत फक्त खेळाडूंत न घालता विटा-सिमेंटात घातला, हा फरक. उदिनेसेच्या पोझ्झो कुटुंबाने पण तेच केलं, २०१३ मध्ये महापालिकेकडून ९९ वर्षांच्या कराराने ग्राउंड घेतलं.

मडगांवकार

वाचतोय, मस्त चाललाय धागा. एक वेगळी बाजू. मालकाच्या खिशावर चालणारे क्लब आम्ही गोवेकरांनी जवळून पाहिलेत. धेंपो, साळगांवकर ही उद्योग घराण्यांची नावं, सोबत स्पोर्टिंग, तिघेही २०१६ ला आय-लीगमधून एकदम बाहेर पडले. कारणं वेगळी होती, लीगच्या दर्जाचा वाद होता, पण मालकाने ठरवलं आणि विषय संपला हे पाहिलंय. इटलीत असं किती चालतं? सास्सुओलो मापेईचा ना, टाइल्सच्या केमिकलवाली कंपनी?

बातीगोल

हो, मापेईचा. मापेईवाल्या स्क्विन्झीने चाळीसेक हजार वस्तीच्या गावाचा क्लब सेरी आ त आणला आणि २०१३ ला शेजारच्या रेज्जो एमिलियातलं स्टेडियम लिलावात घेतलं. ते मूळ रेज्जाना या तिथल्याच क्लबचं, १९९५ मध्ये इटलीतलं पहिलं क्लबच्या मालकीचं स्टेडियम म्हणून उभं राहिलेलं! रेज्जाना बुडाला आणि आता स्वतःच्याच घरात पाहुणा. त्यामुळे निळाकाळा यांचं विटा-सिमेंट वगैरे ठीक आहे पण स्टेडियम बांधूनही बुडता येतं.

मालकाच्या खिशाची हद्द बघायची तर पार्मा. बुफॉन, कान्नाव्हारो, थुराम एका टीममध्ये, १९९५ आणि १९९९ चे युएफा कप, आणि मागे पार्मालात ही दुधाची कंपनी. डिसेंबर २००३ मध्ये पार्मालातचा घोटाळा फुटला, सगळा डोलारा खाली. सावरले, पण २०१४-१५ ला परत गाळात, एका सीझनमध्ये मालक दोनदा बदलला, क्लब एका युरोला विकला गेला. २२ फेब्रुवारी २०१५ ची उदिनेसेविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली कारण गेटवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना द्यायला पैसे नव्हते. मार्चमध्ये कोर्टाने दिवाळखोर ठरवलं आणि एप्रिलमध्ये याच पार्माने, पगार न मिळालेल्या पोरांनी, युव्हेंटसला १-० हरवलं. त्या वर्षी चॅम्पियन्स लीग फायनल खेळलेला युव्हेंटस बरं का. मग चौथ्या पातळीची सेरी डी, आणि तिथून लागोपाठ तीन प्रमोशन घेऊन २०१८ ला वर. आता क्राउसे म्हणून अमेरिकन मालक आहे.

चहाबिस्किट

मी फक्त कोमोसाठी आलेय. ते पण छोटंसंच गाव, त्यांना नाही का लागू या मर्यादा? फाब्रेगास कोच, तळ्याकाठी स्टेडियम, दणादण खरेदी.

निळाकाळा

कोमो हा या धाग्यातला अपवाद आहे. मालक इंडोनेशियाचं हार्तोनो कुटुंब, जारुम सिगारेटवाले. बॅडमिंटन बघणाऱ्यांना जारुम क्लब माहीत असेलच, अर्धी इंडोनेशियन टीम तिथून येते. गाव छोटं, खिसा अवाढव्य. त्यांना आज तोटा परवडतो. लेच्चेला परवडत नाही.

लेच्चेबद्दल जरा लिहितो कारण सगळ्यात प्रामाणिक कारभार मला त्यांचा वाटतो. इटलीच्या बुटाच्या टाचेचा प्रदेश, मोठे उद्योग नाहीत, पगाराचं बिल लीगमध्ये तळाशी. टेक्निकल विभागाचा प्रमुख कोर्विनो, आयुष्य खेळाडू शोधण्यात गेलेला म्हातारा. युलमंड ऑस्ट्रियातून किरकोळ किमतीत आणला, २०२३ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनला १८ मिलियनला दिला. त्यांच्या ज्युनियर टीमने २०२३ चा प्रिमाव्हेरा (ज्युनियर लीग) स्कुदेत्तो जिंकला तेव्हा टीममध्ये जवळपास सगळे परदेशी, त्यावरून इटलीत केवढा आरडाओरडा झाला. पण का आणतात परदेशी पोरं? कारण स्वस्त. त्या टीममधला दोर्गू २०२५ च्या सुरुवातीला मँचेस्टर युनायटेडला गेला, ३० मिलियनच्या आसपास. ऐन रेलिगेशनच्या मारामारीत आपला सगळ्यात चांगला पोरगा जानेवारी-फेब्रुवारीत विकायचा, हे धाडस नाही, नाइलाज आहे. शेवटच्या दिवशी लाझिओकडे रोममध्ये जाऊन, दहा जणांत १-० जिंकून वाचले. त्याच दिवशी एम्पोली खाली गेला, तो पण अकॅडमीवर जगणारा क्लब, आस्लानी, रिच्ची, बाल्डान्झी सगळे तिकडचे. दोघांचं धोरण सारखंच, नव्वद मिनिटांनी एक वर राहिला आणि एक खाली.

तालीममंडळ

खाली गेल्यावर किती फटका बसतो पण?

डेबिटक्रेडिट

पॅराशूट नावाची मदत असते, सेरी बी त जाणाऱ्याला. वरती किती वर्षं होतास त्यावर १०, १५ किंवा २५ मिलियन. पगाराचे करार सेरी आ चे आणि उत्पन्न सेरी बी चं, त्यात हे २५ पण एका वर्षात विरघळतात. एका वर्षात परत वर आलात तर वाचलात, नाहीतर सांपडोरिया बघा. १९९१ चा चॅम्पियन, १९९२ ला वेम्ब्लीवर युरोपियन कप फायनल खेळलेला. २०२३ ला सेरी आ तून गेला आणि मे २०२५ ला सेरी बी तूनही खाली, थेट सी!

पण थांबा. काही दिवसांत बातमी, ब्रेशियाने भरणा करायला जे टॅक्स क्रेडिट बाहेरून विकत घेतले होते ते अस्तित्वातच नव्हते. क्लबचा मालक चेल्लिनोचं म्हणणं आम्हालाच फसवलं. फेडरेशनने पॉइंट कापले, ब्रेशिया खाली, सांपडोरियाला सालेर्नितानाविरुद्ध प्लेआउटची (खाली जाणं टाळायची लढत) संधी आणि ते वाचले, त्यातली दुसरी मॅच सालेर्नोत प्रेक्षकांच्या राड्यामुळे अर्धवट थांबली. पण ब्रेशियाला सी ची फीसुद्धा भरता आली नाही. बाज्जो, पिर्लो, ग्वार्दिओला जिथे खेळले तो १९११ चा क्लब त्या उन्हाळ्यात गेला.

तोरिनोत_सध्या

सरकारचा हातभार पण विसरू नका. देक्रेतो क्रेशिता नावाची सवलत होती, परदेशातून येणाऱ्या खेळाडूच्या निम्म्याच कमाईवर कर. इटलीत पगार हातात-मिळणारा असा ठरवतात, कर क्लबच्या डोक्यावर, त्यामुळे क्लबची थेट बचत. २०२३ च्या शेवटी बंद केली. त्याआधी २०१८ च्या कायद्याने सट्टेबाजी कंपन्यांच्या जाहिराती बंद, म्हणजे शर्टावरचा पैसा गेला. जाहिरातबंदीच्या मी बाजूनेच आहे, पण मोठ्या क्लबला दुसरा स्पॉन्सर दारात उभा असतो, उदिनेसे-जेनोआला शोधावा लागतो.

बातीगोल

मला तरी अजून पटत नाही की प्रश्न फक्त हमखास उत्पन्नाचा आहे. जेनोआला ७७७ पार्टनर्सने २०२१ ला घेतलं, किती गाजावाजा, २०२४ ला ती कंपनीच कोसळली, डिसेंबरात शुकू म्हणून रोमानियन माणसाने ताबा घेतला. उत्पन्न कितीही असो, मालक कोण निवडला जातोय ते कोण तपासतंय?

डेबिटक्रेडिट

तपासणी आहे, कागदांची. कोव्हिसोक म्हणून फेडरेशनची हिशेब तपासणारी कमिटी होती, वर्षानुवर्षं तीच बघत होती, आणि तिच्या नाकाखालून हे सगळं गेलं. २०२४ च्या कायद्याने आता स्वतंत्र आयोग आणलाय.

युरोपियन फुटबॉल संघटना युएफाचा नियम वेगळाच. पगार, एजंट, खेळाडूंचा पसरवलेला खर्च मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत, २०२५ पासून. गंमत म्हणजे उत्पन्नाच्या बाजूला खेळाडू विकून झालेला नफा पण धरतात, फक्त तीन वर्षांची सरासरी काढून. म्हणजे बोलोन्याने युरोपात खेळायचं आणि पगारही वाढवायचे तर एक एन्डोये विकून भागत नाही, पुढच्या वर्षी अजून एक लागतो. नियमच असा आहे की निळाकाळांच्या पहिल्या पोस्टचं उत्तर "विकायचं" असं येतं.

चहाबिस्किट

मग युरोपात न गेलेलंच बरं की!

निळाकाळा

असं बोलोन्यात जाऊन बोलू नका फक्त. ट्रान्सफर विंडो उघडली की याच धाग्यावर यादी टाकत जाऊ, कोण गेला, कितीला गेला, आणि तो पैसा कुठे गेला. तिसऱ्या कॉलमसाठी डेबिटक्रेडिट यांना आत्ताच बुक करून ठेवतोय.